मॅक बदलला, सिम तेच राहिलं

सध्या फिरणारा संदेश थोडक्यात असा आहे: "फोन रूट करा आणि हॉटस्पॉटचा मॅक ॲड्रेस बदला. मग तुम्ही हॉटस्पॉट चालवताय हे मोबाइल कंपनीला कळत नाही. दिवसाचा डेटा संपला की पुन्हा मॅक बदला, नवा कोटा मिळतो. बदल कायमचा राहतो. तुमचा माग कुणालाच लागत नाही. आणि हे सगळं रूटशिवाय होत नाही."

(रूट करणं म्हणजे फोनच्या आतल्या सिस्टमवर पूर्ण ताबा मिळवणं.) आधी पहिला दावा, कारण बाकीचे त्याच्याच खांद्यावर उभे आहेत.

मॅक पत्ता म्हणजे वायफायसारख्या जोडणीवर उपकरणाची ओळख पटवणारा क्रमांक. तो ४८ बिटांचा असतो आणि त्याचं राज्य फक्त एका टप्प्यापुरतं चालतं. लॅपटॉपकडून फोनकडे येणाऱ्या फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या पाकिटावर, दोघांचे मॅक असतात. फोन ते पाकीट फोडतो, आतलं आयपी पॅकेट बाहेर काढतो आणि मोडेमकडे देतो. पाकीट तिथेच टाकून दिलेलं असतं. क्वालकॉम चिपच्या रूट केलेल्या फोनवर टर्मिनल उघडून 'आयपी लिंक' आज्ञा चालवून पाहा. डब्ल्यूलॅन० या वायफायच्या इंटरफेससमोर (जोडणीच्या दारासमोर) 'ईथर' आणि सहा जोड्यांचा पत्ता दिसेल. मोबाइल डेटाच्या आरएमनेट इंटरफेससमोर तशी नोंद सहसा नसते, कारण तिथून नुसती आयपी पॅकेटं जातात. (४जीच्या रचनेत 'मॅक' नावाचा एक थर आहे खरा, पण त्याचा या पत्त्याशी काही संबंध नाही. नामसाधर्म्य आहे, इतकंच.) टॉवरपलीकडे कंपनी तुम्हाला ओळखते ती सिममधल्या आयएमएसआय या ओळखक्रमांकावरून आणि हँडसेटच्या आयएमईआय क्रमांकावरून. जी गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, ती बदलून तिच्यापासून लपणार काय?

हा समज आला कुठून, तेही कळण्यासारखं आहे. आपल्याकडे गल्लीतला केबलवाला ब्रॉडबँड देतो तेव्हा बऱ्याचदा 'मॅक बाइंडिंग' करतो, म्हणजे खातं तुमच्या कॉम्प्युटरच्या मॅकला बांधतो. नवा राउटर आणला की जुन्या कॉम्प्युटरचा मॅक त्यावर क्लोन करावा लागतो, नाहीतर नेट चालत नाही. तिथे हे खरं, कारण केबलवाल्याचा स्विच आणि तुमचा राउटर एकाच टप्प्यावर असतात. मोबाइलच्या जाळ्यात तो टप्पा फोनपाशीच संपतो.

मग कंपनीला हॉटस्पॉट ओळखता येतो का? येतो, पण वेगळ्या खुणांवरून. सगळ्यात जुनी खूण टीटीएल, म्हणजे पॅकेट आणखी किती टप्पे जाऊ शकतं याचा आकडा. फोनची स्वतःची पॅकेटं ६४ वर सुरू होतात, विंडोजची १२८ वर. फोन राउटर बनून पॅकेट पुढे ढकलताना त्यातून एक वजा करतो, म्हणून पलीकडे ६३ किंवा १२७ दिसतो. आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, हेच काम हॉप लिमिट करतं. दुसरी खूण एपीएनची, म्हणजे मोबाइल डेटा कंपनीच्या जाळ्यात ज्या दाराने शिरतो त्याची: काही देशांतल्या कंपन्या टेदरिंगसाठी (फोनचा डेटा इतर उपकरणांना देण्यासाठी) 'डन' प्रकारचा वेगळा एपीएन ठेवतात आणि अँड्रॉइड हॉटस्पॉटचा डेटा आपणहून त्यावरून पाठवतो. तिथे तर अंदाज बांधायचीही गरज उरत नाही. तिसरी खूण म्हणजे विंडोजची नेट-तपासणीची आणि अपडेटची ठरावीक विनंती, जी एरवी कुठलाही फोन करत नाही.

आयपीव्ही६ मध्ये एक गंमत आहे, जी संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसावी. फोन आपल्याला मिळालेला /६४ चा प्रिफिक्स (पत्त्याचा पहिला अर्धा भाग) जोडलेल्या लॅपटॉपलाही देतो आणि लॅपटॉप त्यातून आपला पत्ता स्वतः बनवतो. तो जुन्या ईयूआय-६४ पद्धतीने बनवला, तर मॅकचे दोन तुकडे करून मध्ये 'एफएफएफई' घातलेलं असतं, म्हणजे मॅक बाहेर जातो. मात्र तो लॅपटॉपचा! फोनचा मॅक हजारदा बदलला तरी यात काडीचा फरक पडत नाही. विंडोज आता मुळातच यादृच्छिक पत्ते वापरते, पण काही लिनक्स मांडण्यांत ईयूआय-६४ अजून सापडतो.

कोट्याबद्दल फार लिहायला नको. डेटा मोजला जातो कंपनीच्या गेटवेवर, सिमच्या नावाने. फोनने स्वतः वापरला काय, हॉटस्पॉटवरून गेला काय, वजाबाकी त्याच खात्यातून होते. शिवाय अनेक फोन यूएसबी टेदरिंगच्या वेळी दर खेपेस नवा मॅक घेतात, म्हणून विंडोजमध्ये 'नेटवर्क ५', 'नेटवर्क ६' अशी रांग लागते. संदेश खरा असता तर केबल काढून लावली की दीड जीबी मिळाला असता.

'बदल कायमचा राहतो' हा दावा करून पाहणाऱ्यांचा सर्वात जास्त वेळ खातो, म्हणून तो नीट पाहू.

नेहमीची कृती अशी सांगितली जाते: टर्मिनलमध्ये 'एसयू' करून रूट व्हा, डब्ल्यूलॅन० खाली आणा, 'आयपी लिंक सेट'ने नवा पत्ता द्या, पुन्हा वर आणा. पहिली अडचण इंटरफेसची. हॉटस्पॉट डब्ल्यूलॅन० वरच चालतो असं नाही. कुठे एपी०, कुठे डब्ल्यूलॅन१, सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत एसडब्ल्यूलॅन० असतो. शिवाय अनेक फोनांत हा इंटरफेस हॉटस्पॉट चालू केल्यावरच जन्माला येतो. आधी बदलायला काही नसतं आणि नंतर बदलायला गेलं की जोडलेली उपकरणं तुटतात. हॉटस्पॉट बंद केला की इंटरफेस पुसला जातो, आणि पुढच्या वेळी अँड्रॉइड आपल्या मर्जीचा मॅक घालूनच तो नव्याने उभा करतो.

टर्मिनलमध्ये येणारे एरर मेसेज वाचायला शिकलं तर बराच त्रास वाचतो. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आला तर इंटरफेस अजून चालू आहे. 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' आला तर ड्रायव्हरमध्ये ती सोयच नाही, हट्ट सोडा. 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' आला तर पत्ताच अवैध आहे. पहिल्या जोडीचा शेवटचा बिट १ असेल, म्हणजे जोडी विषम असेल, तर तो मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीचा) ठरतो आणि कर्नेल, म्हणजे सिस्टमचा गाभा, तो नाकारतो. मनाला येईल तसा बनवलेला पत्ता निम्म्या वेळा इथेच आपटतो. बरोबर पत्त्यात दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असावा, उदाहरणार्थ ०२ ने सुरुवात. 'स्थानिक पातळीवर दिलेला पत्ता' याची ती खूण आहे. आणि लॅपटॉपचाच मॅक फोनला चिकटवू नका. दोन्ही टोकांना एकच पत्ता असला तर जोडणीच होत नाही.

कधीकधी आज्ञा बिनतक्रार चालते, नवा पत्ता दिसतोही, पण फोन वायफायला जोडताना 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' वरच अडकतो. कर्नेलने नवा पत्ता धरला, वायफाय चिपच्या फर्मवेअरने जुना. चिप नव्या पत्त्यावर आलेल्या फ्रेमना पोच देत नाही आणि सगळं ठप्प होतं. उपाय एकच: वायफाय बंद-चालू करून मूळ पत्ता परत येऊ द्या.

खरोखर टिकणारा बदल हवा तर मूळ पत्ता जिथे साठवला आहे तिथे हात घालावा लागतो. क्वालकॉमच्या बऱ्याच फोनांत ती स्टोरेजच्या 'पर्सिस्ट' विभागातली 'डब्ल्यूलॅन_मॅक.बिन' ही साधी मजकूर फाइल असते. मीडियाटेक चिपच्या फोनांत 'एनव्हीडेटा' विभागातली बायनरी फाइल असते. ती बिघडली की वायफायच्या यादीत 'एनव्हीरॅम वॉर्निंग' नावाचं भुताटकी नेटवर्क दिसू लागतं. पर्सिस्टमध्ये सेन्सरांचं कॅलिब्रेशन असतं, फिंगरप्रिंटचा आणि वाइडवाइनचा (व्हिडिओच्या कॉपी-संरक्षणाचा) डेटाही असू शकतो. तो विभाग बिघडला तर मॅक राहिला बाजूला, ओटीटीचं एचडीही जातं. पूर्ण विभागाची प्रत 'डीडी' या आज्ञेने फोनबाहेर काढल्याशिवाय तिथे एक अक्षरही बदलू नये. सॅमसंगच्या 'ईएफएस' विभागाला तर हातच लावू नये, कारण आयएमईआयचा डेटा तिथेच असतो.

आयएमईआयवरून आठवलं, 'मॅक बदला' म्हणणारी काही साधनं त्याच पडद्यावर आयएमईआय बदलण्याचं बटणही देतात. त्या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. आयएमईआयशी छेडछाड २०१७ च्या नियमांनीच बंद केलेली आहे, आणि दूरसंचार कायदा २०२३ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

माग लागण्याचा प्रश्नही इथेच सुटतो. कंपनीच्या नोंदी सिमच्या नावाने असतात आणि सिम केवायसीने तुमच्या नावावर असतं. स्टेशनवरच्या रेलवायर वायफायलाही मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो. मॅक बदलला तर पुन्हा लॉगिन करावं लागेल, तेही त्याच नंबराने. हॉटस्पॉटचा मॅक बदलून एकच खरी गोष्ट साधते: शेजारच्या फोनांनी आणि लोकेशन सेवांनी टिपलेली तुमच्या हॉटस्पॉटची जुनी खूण शिळी होते. गूगलच्या लोकेशन नोंदीपुरतं हे काम मॅक न बदलताही होतं. हॉटस्पॉटच्या नावाच्या शेवटी रोमन अक्षरांत अंडरस्कोर आणि 'नोमॅप' लिहा.

राहिलं रूट. अँड्रॉइड १० पासून यादृच्छिक मॅक मुळातच चालू असतो. वायफाय जोडताना तर असतोच, आणि चिपची साथ असेल तर हॉटस्पॉटलाही. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या 'प्रायव्हसी'त तो पर्याय दिसतो. हा पत्ता नेटवर्कच्या नावावरून आणि सुरक्षाप्रकारावरून ठरतो, म्हणून 'फर्गेट' करून पुन्हा जोडलं तरी तोच येतो. तो अधूनमधून बदलत राहायला हवा असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'नॉन-पर्सिस्टंट मॅक रँडमायझेशन' शोधा. रूटसाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा, कुलूपबंद प्रोग्राम) उघडायला गेलात तर मात्र फोन पूर्ण पुसला जातो आणि बँकेची काही ॲप्स नंतर उघडायलाच नकार देतात.