जुनं टेबल अजून पानात का आहे?

वेबपानांतल्या जुन्या टेबलांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एवढा पैसा आणि एवढे डेव्हलपर हाताशी असताना मोठ्या साइट्स आजही टेबलांत, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात, पान मांडतात हा निव्वळ आळस आहे, आणि मी त्याची वकिली करतेय, असं तुमचं म्हणणं. पानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा, सीएसएस, १९९६ पासून आहे, मग अजून का जमलं नाही?

१९९६ च्या डिसेंबरात सीएसएसची पहिली शिफारस आली, ती कागदावर. नेटस्केप ४ या तेव्हाच्या ब्राउझरमध्ये ते इतकं मोडकं होतं की टेबल हाच भरवशाचा मार्ग होता. इंटरनेट एक्सप्लोरर ५ दिलेल्या रुंदीतच पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि बॉर्डर (कडेची रेघ) धरायचा, म्हणून एकच चौकट दोन ब्राउझरांत दोन मापांची दिसे. मग वर्षानुवर्षं आपण सीएसएसमधल्या फ्लोटवर, म्हणजे एखादी गोष्ट डावी-उजवीकडे सरकवायच्या सोयीवर, निभावलं. तो खरं तर चित्राशेजारून मजकूर वाहावा म्हणून होता! पान मांडण्यासाठीच बनवलेली सीएसएसची ग्रिड क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत पोचली ती मार्च २०१७ मध्ये.

आता आजचं. एका मोठ्या साइटचं पैसे भरायचं पान मी साफ करायला घेतलं होतं. टेबलात टेबल, त्यात आणखी एक, आणि एका रकान्यात रुंदीला ताणलेलं एक पिक्सेलचं पारदर्शक जिफ चित्र. निरुपयोगी म्हणून काढलं. माझ्या स्क्रीनवर सगळं जागच्या जागी. पण दुसऱ्या भाषेतल्या पानावर रकाना आकसला आणि बटण खाली घसरलं. मग टेबल हलवलं, तर रक्कम शून्य दिसायला लागली. एक स्क्रिप्ट, म्हणजे पानातला छोटा प्रोग्रॅम, 'तिसऱ्या टेबलातला चौथा रकाना' मोजून बेरीज उचलत होती. हे कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि ती लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. अशा कोडला हात लावायला लोक घाबरतात, त्याला मी आळस म्हणणार नाही.

त्यात ब्राउझर जुनं सहसा मोडत नाहीत. अक्षरांचं रूप बदलणारा फॉन्ट आणि मजकूर मधोमध आणणारा सेंटर हे टॅग (पानातल्या खुणा) १९९७ च्या एचटीएमएल ४ नेच, म्हणजे पान लिहायच्या भाषेच्या त्या आवृत्तीनेच, बाद करायला घेतले, तरी ते आजही चालतात. दुखतच नाही, तर इलाज कोण करणार?

एका मुद्द्यावर मात्र तुम्ही बरोबर आहात, आणि लेखात मी तो सोडायला नको होता. दुखतं, फक्त ते साइटच्या मालकाला दुखत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, टेबल ओळीओळीने वाचतो. वरच्या ओळीत सगळी नावं आणि खालच्या ओळीत भरायचे सगळे रकाने असले, की डोळ्यांनी न बघणाऱ्याला कोणत्या रकान्यात काय भरायचं तेच कळत नाही. पैसे भरायच्या पानावर हे चालवून घेता येणार नाही.

ते पान मी पुन्हा हाती घेतलंय. बेरजेच्या रकान्याला आधी आयडी, म्हणजे स्वतःचं वेगळं नाव, दिला, स्क्रिप्ट त्यावर वळवली. आतलं टेबल या आठवड्यात निघेल.