गोधडीतला ‘गुप्त नकाशा’ आणि बाकीच्या थापा

“गोधड्यांनी हजारो गुलाम सोडवले!” मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या फॉरवर्डचं हे शीर्षक. स्वतः गोधड्या शिवणारी बाई, तिला ते आवडणारच. म्हणून तर जास्त राग आला.

पहिला दावा: अमेरिकेतले कृष्णवर्णीय गुलाम कुंपणावर क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या, वाळत घालत आणि त्यावरची नक्षी म्हणजे पळून जाण्याचा गुप्त नकाशा. ही कथा गाजली 1999 सालच्या एका पुस्तकामुळे, आणि त्याचा मुख्य आधार काय, तर चार्ल्सटनमध्ये क्विल्ट विकणाऱ्या एका बाईंनी सांगितलेली घरातली आठवण. खुणेचा म्हणून सिद्ध झालेला एकही क्विल्ट नाही. पुस्तकातल्या खुणांच्या यादीतला ‘डबल वेडिंग रिंग’ नमुना तर विसाव्या शतकातला. गुलामगिरी संपली 1865 साली. सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे पळालेल्या गुलामांना मदत करणारे विल्यम स्टिल. फिलाडेल्फियाला पळून आलेल्या शेकडो जणांच्या हकिगती त्यांनी स्वतः टिपल्या आणि 1872 साली छापल्या. त्यात नावं बदललेली माणसं आहेत, जहाजात लपलेली आहेत. लाकडी खोक्यात बसून रिचमंडहून पार्सल होऊन आलेला हेन्री ब्राउन आहे. क्विल्टचा नकाशा नाही. “असू दे की, गोड गोष्ट आहे,” म्हणणाऱ्यांनी त्या खोक्यात तासभर बसून दाखवावं.

दुसरा दावा: गुपित फुटू नये म्हणून शिवणाऱ्यांनी अर्थ कधी सांगितलेच नाहीत. हॅरिएट पॉवर्स, जॉर्जियात 1837 साली गुलामीत जन्मलेली. तिने कापडी आकृत्या टाचून बायबलमधले प्रसंग शिवले. पैशांची अडचण आली तेव्हा तो क्विल्ट पाच डॉलरला विकला, पण विकताना एकेका चौकटीचा अर्थ घेणारीला सांगितला आणि तिने तो लिहून ठेवला. क्विल्ट आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

तिसरा: आजची अमेरिकन क्विल्ट कलाकार बिसा बटलर, तिची व्यक्तिचित्रं म्हणे ‘छापील फोटो’. अहो, ती जुने कृष्णधवल फोटो समोर ठेवते आणि चेहरे कापडाचे तुकडे एकावर एक रचून, शिवून उभे करते. जांभळं कपाळ, निळे गाल छापून येत नाहीत.

एवढं मात्र मान्य करावं लागतं: तिच्या कापडांना अर्थ असतात. वडील घानाचे, त्यामुळे पश्चिम आफ्रिकेतली छापील कापडं ती जाणूनबुजून निवडते, आणि त्या नक्ष्यांना नावं असतात, म्हणी जोडलेल्या असतात. फक्त त्यात गुप्त काही नाही. तिथल्या बाजारात बहुतेक नावं कापड विकणाऱ्या बायकांनीच पाडलेली आहेत, माल खपावा म्हणून.