सव्वादोन फुटांची सरहद्द

घर विकायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, खरी कसरत गिऱ्हाईक शोधण्यात आहे. गिऱ्हाईक पंधरा दिवसांत मिळालं. चोपड्याकडचे निवृत्त गुरुजी, स्वभावाने शांत, खिशात दोन पेनं. घर पाहिलं, ओट्यावर बसून पाणी प्यायले, वर पाहून म्हणाले, "सागाचे सर आहेत. छान." इसार दिला. मी त्या रात्री नाशिकला बायकोला फोन करून सांगितलं की महिन्याभरात मोकळे होऊ. बायकोने विचारलं, "जिभाऊंना सांगितलंत का?" मी म्हटलं, त्यांचा काय संबंध?

संबंध होता. सव्वादोन फुटांचा होता.

आमचं घर आणि जिभाऊंचं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे. दोन्ही बाजूंना पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, वर धाबं, आणि मध्ये ही फट. त्यातून माणूस सरळ जात नाही, आडवा जातो. पोट सुटलेला असेल तर तसाही जात नाही. पावसाळ्यात दोन्हीकडची पागोळी त्यात पडते, उन्हाळ्यात मांजरी तिथे बाळंत होतात. माझ्या उभ्या आयुष्यात त्या बोळाला तिसरा उपयोग मी पाहिलेला नाही.

गुरुजींच्या वकिलांनी रीतसर पेपरात जाहीर नोटीस दिली: अमुक मिळकत विकत घेत आहोत, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत पुराव्यानिशी कळवावी. चौदाव्या दिवशी जिभाऊंची हरकत आली. पुरावा म्हणून सोबत स्वतः जिभाऊ आले होते.

"तू घर इक," ते ओट्यावर टेकत म्हणाले, "पन मनी जागा कसाले इकस?"

"जिभाऊ, बोळ अर्धा-अर्धा आहे. मिळकत पत्रिकेवर आहे, नकाशात आहे."

"कागद ऱ्हाऊ दे. तुना आजानी मना आजाले सांगेल व्हतं, बोळ तुमनाच."

दोघेही आजोबा वारलेले. साक्षीदार म्हणून फक्त कडुनिंब शिल्लक, आणि तोही जिभाऊंच्या अंगणात.

इंग्रजांनी 1906 साली अख्ख्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा काढला. डोंगर, नद्या, तालुकेच्या तालुके इकडचे तिकडे गेले आणि लोक दुसऱ्या दिवशी शेवभाजी खाऊन कामाला लागले. आमच्या बोळाचे मात्र दोन भाग होईनात.

माझ्या वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बोळात त्यांचं काही आहे का? वापर? वहिवाट?"

"एक कूलर आहे. मोडका."

"किती वर्षांपासून?"

"ते म्हणतात तेरा."

वकीलसाहेब खुर्चीत सरळ झाले. 1963 च्या मुदत कायद्यात बारा वर्षांची भानगड आहे. दुसऱ्याच्या जागेवर उघडपणे, मालकी नाकारून, सलग बारा वर्षं कब्जा ठेवला तर माणूस ती जागा आपलीच म्हणू लागतो. नुसतं सामान ठेवून तसा कब्जा लगेच सिद्ध होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण जिभाऊंनी बारा न म्हणता तेरा म्हटलं, याचा अर्थ कोणीतरी त्यांना शिकवून पाठवलं होतं.

मग मी एका दुपारी बोळात आडवा शिरलो. बाहेर 44 डिग्री, आत थोडं कमी. लोखंडी पत्र्याचा तो उभा कूलर, तिन्ही बाजूंचं वाळ्याचं गवत उंदरांनी नेलेलं, पंख्याच्या पात्यांत मांजरीचं बिऱ्हाड. मागच्या बाजूला मोटरवर एक कागदी लेबल चिकटलेलं होतं. थुंकी लावून पुसलं. धूळ गेली, खाली निळ्या शाईत कुणीतरी लिहिलेलं वर्ष दिसलं: 2016. आम्ही भांडत होतो ते 2023 साली. मी तिथेच, पोट आत घेऊन, बोटांवर वजाबाकी केली. सात! आयुष्यात गणिताचा एवढा आनंद मला दहावीलाही झाला नव्हता. मांजरीने मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की कब्जेदार तीच आहे.

लेबल दाखवल्यावर जिभाऊ म्हणाले, "हाऊ दुसरा कूलर शे. पहिला सडी गया."

शेवटी मोजणीचा अर्ज टाकला. मोजणी म्हणजे पैसे भरा, तारीख घ्या, लगतच्या सगळ्या धारकांना नोटिसा जातात. तिघांनी घेतल्या. जिभाऊंनी घेतली नाही, म्हणून ती त्यांच्या दारावर डकवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिच्यावर जिजींनी, म्हणजे जिभाऊंच्या बायकोने, बिबड्या झाकायला आणलेल्या फडक्याचा कोपरा खिळ्याने ठोकलेला. तारीखही त्यांना पटेना. आधी म्हणाले आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊ दे, लेकी माहेरी येतील. आखाजी झाली. मग म्हणाले, लेकी जाऊ दे.

गंमत अशी की या काळात माझी जेवणाची सोय जिभाऊंकडेच होती. रिकाम्या घरात गॅस नव्हता. सकाळी दहाला मी त्यांच्याविरुद्ध कागद गोळा करायला निघायचो आणि दुपारी एकला जिजी कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन दारात उभ्या. जिभाऊ समोर बसून वाढायला सांगायचे, "आखो दे त्याले." भाकरीच्या तिसऱ्या घासाला हरकतीचा विषय काढणं मला जमायचं नाही. कोर्टाबाहेरची तडजोड ज्याला म्हणतात ती बहुधा पचनातून होते.

मोजणीच्या दिवशी गल्ली लोटली. भूकरमापक आले, तिपाई लावली, यंत्र ठेवलं. जिभाऊंनी यंत्राकडे पाहून जाहीर केलं, "मशीन खोटं बोलस. साखळी आना."

भूकरमापक वयस्क होते, भांडायला शिकलेले नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं की जुनी साखळी 33 फुटांची असते, तिचे 16 आणे पाडलेले असतात, म्हणजे एक आणा दोन फुटांच्या किंचित वर. "तुमचा बोळ सव्वादोन फूट. म्हणजे एक आणा आणि वर दोन-सव्वादोन इंच."

गल्लीत शांतता पसरली. दोन घरं, दोन वकील, सहा महिने, नाशिकच्या अकरा फेऱ्या, आणि तंटा एका आण्याचा. कोणीतरी मागून हसलं. जिभाऊंनी टेपचं टोक हातात घेतलं आणि वाचनाच्या वेळी ते अलगद चार बोटं आमच्याकडे सरकवलं. भूकरमापकांनी न बघता म्हटलं, "काका, टोक जागेवर." त्यांना पाहायची गरज पडली नाही, म्हणजे असे जिभाऊ तालुक्यात बरेच असावेत.

चुन्याची रेघ ओढली. सरळ बोळाच्या मधोमध. ती कूलरपाशी आली तेव्हा मदतनीसाने क्षणभर विचार केला आणि कूलरवरूनच नेली: एका बाजूने वर, डोक्यावरून, दुसऱ्या बाजूने खाली. अर्धा कूलर माझ्याकडे, अर्धा त्यांच्याकडे. मांजर नेमकं रेघेवर.

मी छाती पुढे काढली. तेवढ्यात भूकरमापक पुढच्या दाराकडे गेले आणि म्हणाले, "हा ओटा कोणाचा?" आमचा. आजोबांनी बांधलेला, ज्यावर गुरुजींनी पाणी प्यायलं तो. त्याची पायरी सात इंच जिभाऊंच्या हद्दीत निघाली.

जिभाऊंचा चेहरा असा उजळला की आखाजी पुन्हा आली असावी. मला वाटलं, आता ते वरच्या साहेबांकडे निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागणार, आणि त्यावर सुपर निमताना. पण त्यांनी पायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पायरी तोडी तं म्हतारी पडी जाई." त्यांची म्हातारी म्हणजे जिजी, त्या रोज संध्याकाळी आमच्याच पायरीवर बसतात. शिवाय बोळाचा अर्धा भाग त्यांनी सोडला, किंवा जो त्यांचा नव्हताच तो सोडल्याचा मान घेतला. गुरुजी पायरीला राजी झाले. जिभाऊंनी जबाबावर सही केली ती खाली ओळ जोडून: "मोजणी मान्य. मशीन मान्य नाही."

खरेदीखताच्या आदल्या दिवशी मला सद्सद्विवेकाचा झटका आला. वकीलसाहेबांना विचारलं, "1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने दोष सांगायचे असतात ना? मग जिभाऊंबद्दल गुरुजींना सांगू का?"

वकीलसाहेबांनी कलम 55 काढलं. "घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही जो दोष कळणार नाही, तोच सांगायचा." त्यांनी पुस्तक मिटलं. "तुमचे जिभाऊ बसस्टँडपर्यंत ऐकू येतात."

खरेदीखत झालं. गुरुजी राहायला आले. पंधरा दिवसांनी जिभाऊंचा फोन.

"तुना मास्तरनी बोळमा कूलर ठेई दिधा."

माझ्या पोटात गोळा आला. "तुमच्या बाजूला?"

"नही रे. त्यानीच बाजूले. चुन्यानी रेघनं बराबर अलीकडे." फोनवर दीर्घ श्वास. "तीच ते गोट शे!"