डची म्हणजे डचांचा देश नव्हे, आणि ड्यूक जेकब काही संत नव्हता

भाचीला सहावीच्या प्रोजेक्टसाठी युरोपातला एक जुना छोटा देश हवा होता, तर ताईने फॅमिली ग्रुपवर फिरणारा 'छोट्या देशाची मोठी गोष्ट' हा मेसेज तिला दिला आणि पोरीने तो जसाच्या तसा वहीत उतरवून मला कौतुकाने वाचून दाखवला. देश म्हणजे कुरलँड, आजच्या लॅटव्हियाचा पश्चिम-दक्षिण भाग. मेसेज म्हणतो: ही डच लोकांची 'डची' होती, ड्यूक जेकबने फ्रान्सपेक्षा मोठं आरमार बांधलं, इंग्लंडच्या राजाने त्याला कॅरिबियनमधलं टोबॅगो बेट गिफ्ट दिलं, त्याने कुणावर जुलूम न करता, एकही गुलाम न ठेवता वसाहती चालवल्या, आणि शेवटी डचांनी फसवून देश बुडवला. डोकं फिरलं माझं.

डचीचं आधी उरकतो. ड्यूक राज्य करतो ती डची, डचांचा संबंध नाही. राजघराणं केटलर, जर्मन बोलणारं, आणि पूर्ण स्वतंत्रही नाही, पोलंडच्या राजाचं मांडलिक.

आरमाराचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. जेकबने (राज्य १६४२ ते १६८२) विंडाऊला, म्हणजे आजच्या व्हेंट्सपिल्सला, खरंच जहाजं बांधली, विकलीसुद्धा. पण तेव्हा फ्रान्सचं आरमारच डबघाईला आलेलं होतं, ते पुढे चौदाव्या लुईच्या काळात उभं राहिलं, त्यामुळे या तुलनेत फार दम नाही.

गिफ्टची गोष्ट तर उलटीच आहे. कुरलँडचे लोक टोबॅगोला १६५४लाच उतरले होते. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६४ला ते बेट 'दिलं' ते जेकबने पश्चिम आफ्रिकेतल्या गँबियावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात, आणि तेव्हा बेटावर बसले होते डच! म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातलं बेट कागदावर देऊन टाकलं. याला आपण सौदा म्हणतो.

आता 'कुणावर जुलूम नाही, एकही गुलाम नाही'. हे वाक्य सहावीतल्या मुलीच्या वहीत बघून खरंच राग आला. कुरलँडने १६५१ला गँबिया नदीतलं एक बेट घेऊन तिथे किल्ला बांधला. त्याच बेटाला आज कुंता किंते बेट म्हणतात, २००३ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि यादीत त्याचं महत्त्व सांगताना गुलामांच्या व्यापाराची सुरुवात आणि तो बंद होणं, दोन्हींचा उल्लेख केलाय. एक ठाणं त्या नदीत आणि दुसरं पलीकडे साखर-तंबाखूच्या बेटावर, ही जोडी त्या काळात कशासाठी जमवायचे हे अटलांटिकचा नकाशा समोर ठेवला तरी कळतं. १६६१ला ते बेट इंग्रजांनी घेतलं आणि तिथला मोठा व्यापार त्यांच्या काळातला, हे कबूल, पण म्हणून आधीच्याला प्रशस्तिपत्रक कशाला? टोबॅगोही काही रिकामं नव्हतं, तिथे मूळचे लोक राहत होते, त्यांना कोण विचारायला गेलं?

आणि जुलूम बघायला समुद्र ओलांडायचीही गरज नाही. खुद्द कुरलँडमध्ये लॅटव्हियन शेतकरी जर्मन जमीनदारांच्या जमिनीला बांधलेले, वेठबिगारी करायची, मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. ही पद्धत कायद्याने संपली १८१७ला, म्हणजे डची संपल्यावर बावीस वर्षांनी, तीही रशियन राजवटीत. जहाजं, किल्ले, वसाहती, सगळ्याचा पैसा ज्यांच्या कष्टातून आला त्यांच्यावर मेसेजमध्ये एक ओळ नाही.

डचांनी देश बुडवला, हे शेवटचं. त्यांनी टोबॅगो घेतलं, बरोबर, १६५९ला. पण त्याच्या आदल्या वर्षी स्वीडनने जेकबलाच पकडून नेलं होतं, मग तिकडे वसाहतीकडे बघणार कोण. देश त्यानंतरही टिकला, १७९५ला रशियाने गिळला.

भाचीने गुलामांची ओळ खोडलीय. नकाशात मात्र कुरलँड अजून हॉलंडच्या शेजारीच काढलेलं आहे, ते आज रात्री बसून बघतो.