थेंबे थेंबे चेहरा

डोंबिवलीच्या आमच्या लेडीज डब्यात पूर्वी मटार सोलले जायचे, भिशी निघायची, सुनांचा उद्धार व्हायचा. आता टक्केवारी चालते, चेहऱ्याला लावायच्या सीरममधल्या घटकांची. "तू नायसिनामाइड किती लावतेस?" "पाच." "मी दहा." दहावाली पाचवालीकडे ज्या नजरेने बघते, ती नजर मी दहावीच्या निकालानंतर आत्ताच बघितली. खरं तर पाच टक्के पुरतं, दहाने काहीजणींचा चेहरा नुसता चुरचुरतो. पण कमी मार्कांचं समर्थन भर डब्यात कोण करणार?

त्यामुळे मीही सीरम घेतलं. मग दुसरं घेतलं, कारण पहिल्याला जे जमत नाही ते दुसरं करतं, आणि दोघांचं पटावं म्हणून तिसरं. प्रत्येक बाटली 30 मिलीची, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्याही निम्म्याहून लहान. त्यात काचेचा ड्रॉपर. त्यातून थेंब गालावर पडायच्या ऐवजी हमखास गाउनवर पडतो. माझ्या गाउनची त्वचा सध्या फार सतेज आहे.

सगळ्यांत नखरेल ते व्हिटॅमिन सी. त्याला उजेड चालत नाही, हवा चालत नाही, उष्णता तर नाहीच नाही. रंग पिवळ्याचा तपकिरी झाला की फेकून द्यायचं. म्हणून ते आमच्या फ्रिजच्या दारात, हिरव्या मिरच्यांशेजारी राहतं. "मिरच्यांजवळ कशाला?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा मी त्याला सेंट-ज्यॉर्जी ऐकवला. हंगेरीतल्या या शास्त्रज्ञाने हे जीवनसत्त्व ढिगाने काढलं ते मिरच्यांमधूनच, आणि 1937 साली नोबेल मिळवलं. नवरा म्हणाला, "मग ठेचाच लाव की!"

लावायचा क्रम पाठ करावा लागतो. पातळ ते आधी, घट्ट ते नंतर. मधे थांबायचं. सकाळी सी, रात्री रेटिनॉल (म्हणजे जीवनसत्त्व 'ए'चाच एक प्रकार), आणि दिवसा सगळ्यांवर सनस्क्रीन, दोन बोटं भरून. नाहीतर रेटिनॉलने केलेल्या कामावर ऊन पाणी फिरवतं. हे नियम करणाऱ्यांकडे सकाळी गॅसवर पोळ्या नसाव्यात. मी पहिला थर देऊन कणीक मळते, दुसरा देऊन डबे भरते. जुलैच्या दमट हवेत कोपर स्टेशन येईपर्यंत घाम फुटतो, आणि दिवा स्टेशनात माणसं आत घुसली की सगळे थर आधी एकमेकांत मिसळतात, मग शेजारणीच्या ओढणीत.

रेटिनॉलचं आणखी वेगळं. मटाराच्या दाण्याएवढं घ्यायचं, सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. पहिले काही आठवडे चेहऱ्याचे पापुद्रे निघतात. ते चांगलं लक्षण समजून लोक आणखी लावतात. तसं नसतं, ती नुसती जळजळ असते. फरक दिसायला तीन महिने लागतात. तोवर "तू आजारी आहेस का?" या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावं.

राहिलं हायल्युरॉनिक ॲसिड. नावात ॲसिड असलं तरी स्वभावाने गरीब, ओल्या चेहऱ्यावर लावलं की पाणी धरून ठेवतं. घोळ झाला तो मी त्याचा इतिहास मोठ्याने वाचल्यामुळे. 1934 साली ते पहिल्यांदा मिळालं गाईच्या डोळ्यातून. सासूबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. ऐन श्रावण चालू होता. मी घाईघाईने सांगितलं, "अहो आई, आता गाईचा संबंध नाही, हल्ली जिवाणू वापरून आंबवून करतात. डोशाच्या पिठासारखं." बाटली शुद्ध ठरली. पण त्यांनी नाव लक्षात ठेवलं होतं. दोन दिवसांनी त्या गुडघ्याच्या डॉक्टरांची जुनी फाइल घेऊन आल्या. त्यात लिहिलेलं, गुडघ्यात द्यायचं इंजेक्शन: हायल्युरॉनिक ॲसिड.

"हेच ना गं ते? त्याचे केवढे पैसे सांगितले होते! तुझं तर सहाशेत येतं."

ते सांध्यात सुईने जातं, वरून लावलेलं कातडीच्या वरच्या थरापलीकडे फारसं उतरत नाही, हे मी परोपरीने समजावलं. उपयोग शून्य. आता रोज रात्री आंघोळीच्या पंचाने गुडघा ओला करून त्यावर चार थेंब पडतात, आणि बाटली महिनाभरही पुरत नाही. दुखणं तसंच आहे. पण उजव्या गुडघ्याला असं तेज आलंय, की परवा त्यांनी मला विचारलं, "डाव्याला दहा टक्केवालं मिळेल का?"