आधी अंग शांत होतं, मग मन

“टेन्शन घेऊ नकोस.” गेल्या वर्षभरात हे मी इतक्यांदा ऐकलं की नंतर नंतर कुणी तसं म्हटलं की उलट छातीच धडधडायची. बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याचे हिशेब बघते मी. महिन्याची 11 आणि 20 तारीख म्हणजे जीएसटीचे रिटर्न. घरी मुलाची दहावी, सासऱ्यांचं बीपी. सगळ्यांच्या घरी असंच काही ना काही असतं. पण गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला जाग यायला लागली. कौलांवर पावसाचा मारा, आणि मी पहाटेपर्यंत टक्क जागी. तेव्हा मात्र घाबरले.

त्यानंतर बरंच काही करून बघितलं आणि माझं एक मत पक्कं झालं. मनाला समजावून मन ऐकत नाही. आधी हातापायांना, श्वासाला शांत करायचं. मन मागनं येतं.

श्वासाचं साधं आहे. आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून सोडायला जास्त वेळ द्यायचा. चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. मी हे टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर करते. गेट पडलं की स्कूटर बंद. मागचे हॉर्न मारतात, मारू देत. मालगाडी असली तर पाच मिनिटं सहज मिळतात. पूर्वी त्याच पाच मिनिटांत मी फोन काढून ऑफिसचे मेसेज बघत बसायची.

दुसरी गोष्ट सासूबाईंकडनं मिळाली. त्या मूळच्या येळ्ळूरच्या. एका संध्याकाळी मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. त्यांनी हाक मारली, “कुठं जालीस गं सारखी? बस की जरा,” आणि तांदळाचं सूप माझ्या मांडीवर ठेवलं. मूठभर तांदूळ कडेला ओढायचे, बोटांनी पसरायचे, खडा दिसला की उचलायचा, एखादं भात सापडलं की नखानं सोलून दाणा परत सुपात टाकायचा. पाखडताना कोंड्याचा तो कोरडा वास. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की आवळून धरलेले खांदे आपोआप खाली आलेत. आता पाकिटातला निवडलेला तांदूळ मिळतो, तरी मी हे काम सोडत नाही. तुम्हाला तांदूळ नको असेल तर शेंगा सोला, मेथी निवडा. बोटांना काम आणि नजरेला एकच जागा, एवढं पुरे.

आणि एक प्रसंग सांगायचाच आहे. एका कचेरीतनं कन्नडमध्ये पत्र आलं. मला बोलता येतं, पण असला सरकारी मजकूर वाचता येत नाही. चार दिवस तो लिफाफा फ्रिजवर पडून होता आणि चारही दिवस पोटात गोळा. घराचं काही असेल का? दंड असेल का? शेवटी शेजारच्या अक्कांकडं घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटांत वाचलं. “एवढंच हाय वो, 340 रुपये बाकी हायत.” मला तिथंच रडू आलं. अक्कांनी पाणी दिलं, काही विचारलं नाही. आपल्या भाषेत कागद मिळावेत ही मागणी आपल्या जागी आहेच, पण न उघडलेला कागद घरात ठेवून चार रात्री झोप घालवू नका. शेजारी भाषेनं वेगळा असला तरी दार वाजवा.

बाकी थोडक्यात. संध्याकाळी सहानंतर चहा बंद केला. चहा-कॉफीतलं कॅफीन पाचेक तासांनी जेमतेम निम्मं उतरतं. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या झाडांखाली भरभर चालते. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला.

हे सगळं करूनही झोप येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. डॉक्टरांकडं जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची मोफत फोनसेवा 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416, चोवीस तास. मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. आमच्या कपाटाच्या दारावर हा नंबर लिहून चिकटवलाय. मुलानं विचारलं, “कुणासाठी?” मी म्हटलं, “घरातल्या कुणासाठीही. तुझ्यासाठीसुद्धा.”