चाल ढापण्यापूर्वी घ्यायची काळजी

गिटार शिकताय? छान. मग आज ना उद्या तुम्हाला एखादी चाल 'सुचणार'. हा शब्द जपून ठेवा, पुढे कोर्टात लागेल. आणि ती आधी कुणाला तरी सुचून गेलेली असणार, हे धरूनच चाला.

सगळ्यात आधी माल कुणाचा उचलायचा ते ठरवा. ज्याचे वकील त्याच्याआधी उठतात असा पॉपवाला टाळा. शिकागोचा म्हातारा ब्लूजवाला (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) उत्तम. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडने 1969 साली 'होल लॉटा लव्ह' काढलं. त्यातली रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, त्यांचा गिटारवाला जिमी पेजची स्वतःची, त्याबद्दल वाद नाही. शब्द मात्र विली डिक्सनने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने 1962 मध्ये गायलेल्या गाण्यातून चालत आलेले. डिक्सनचा दावा 1985 मध्ये लागला, तडजोड 1987 मध्ये झाली, मग कुठे गाण्यावर त्याचं नाव चढलं. अठरा वर्षं! एवढ्या मुदतीत घराचं कर्जसुद्धा फिटत येतं, आणि इथे तर हप्तासुद्धा नव्हता.

उचलायचंच तर सगळ्यांचं असलेलं उचला. गिटार हातात आहे ना? पाचव्या फ्रेटपाशी ए मायनर कॉर्ड धरा आणि चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटपासून एकेक घर खाली या: सात, सहा, पाच, चार, तीन. झालं, तुम्ही कायद्याच्या टप्प्यात आलात. झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' याच पायऱ्यांनी सुरू होतं (1971), आणि स्पिरिट या बँडचं 'टॉरस' त्याच्या तीन वर्षं आधी याच पायऱ्या उतरलं होतं. अर्थात सतराव्या शतकातल्या ऑपेरांत नायिकेचा विलाप असला की खालचे सूर असेच घरंगळत यायचे, पण त्यांचे वारस कोर्टात येत नाहीत. 'टॉरस' रचणारा रँडी कॅलिफोर्निया 1997 मध्ये हवाईच्या समुद्रात मुलाला वाचवताना बुडाला. त्याच्या ट्रस्टतर्फे दावा आला 2014 मध्ये.

इथे तुमच्या फायद्याची एक बारीक गोष्ट आहे. जुन्या अमेरिकन गाण्यांना 1909 चा कायदा लागतो, म्हणजे हक्क कागदावर लिहून जमा केलेल्या नोटेशनपुरता. त्यामुळे 2016 साली लॉस एंजेलिसच्या ज्युरीला 'टॉरस'ची मूळ रेकॉर्ड ऐकूच दिली नाही. कागद बघून दुसऱ्या कुणी वाजवलेलं ऐकायचं. मूळ रेकॉर्ड लावली ती ज्युरीला बाहेर पाठवून, पेजला ऐकवायला. दोन गाणी सारखी वाटतात का, हे ठरवणारे बाहेर आणि ज्याच्यावर आरोप तो आत, ऐकत बसलेला! पेजच्या हजारो रेकॉर्डींच्या संग्रहात ती तबकडी निघालीच, पण ती तिथे कशी आली ते त्याला ठाऊक नव्हतं. हे उत्तर पाठ करा. झेपेलिन सुटले, मग फेरखटल्याचा आदेश झाला, मग 2020 मध्ये पुन्हा सुटले.

'आठवत नाही' हे उत्तर सगळ्यांना मात्र पचत नाही. बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनला 1976 मध्ये 'माय स्वीट लॉर्ड'च्या चालीबद्दल न्यायाधीशाने सांगितलं की तू मुद्दाम चोरलं नाहीस हे खरं, पण तुझ्या सुप्त मनाने चोरलं. म्हणजे आरोपी झोपेत आणि दंड जागेपणी. पुढे तर हॅरिसनच्याच माजी मॅनेजरने दावा लावणाऱ्या कंपनीकडून मूळ गाण्याचे हक्क दाव्यासकट 5,87,000 डॉलरला विकत घेतले. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात, इथे कुंपण आधी शेताचा सातबारा करून आलं. न्यायालयाने निदान एवढं केलं, की त्याला त्यात नफा काढू दिला नाही. गिटारवादक गॅरी मूरची तऱ्हा वेगळी. 'स्टिल गॉट द ब्लूज'मधली त्याची गिटार जगभर वाजली, आणि 2008 मध्ये म्युनिकच्या कोर्टाने ती एका जर्मन बँडच्या 1974 च्या रचनेवरून घेतलेली ठरवली. त्या काळी त्या रचनेची तबकडीही बाजारात आली नव्हती. रेडिओवर किंवा कार्यक्रमात कानावर पडली असेल, एवढं पुरलं. तेव्हा कान झाकून जगायला शिका. किंवा गाणं चालू देऊ नका. न चाललेल्या गाण्यावर आजवर कुणी हक्क सांगितलेला नाही.

एवढं करूनही भीती वाटत असेल तर फक्त स्वतःचंच वाजवीन असा नेम करू नका. अमेरिकन रॉक गायक जॉन फोगर्टीने तो केला. आपल्याच 1970 च्या एका गाण्याचे हक्क तो जुन्या कंपनीला देऊन बसला होता. 1985 च्या अल्बममधलं त्याचं नवं गाणं त्या जुन्यासारखं आहे, म्हणून कंपनीने त्याच्यावरच दावा लावला: फोगर्टीने फोगर्टीची चोरी केली. 1988 मध्ये तो गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला आणि दोन्ही गाणी वाजवून दाखवली, की बाबांनो, माझा हात असाच पडतो. ज्युरीने सोडला. वकिलाच्या फीचं भांडण मात्र थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 1994 मध्ये.

म्हणून कोर्टात जाताना गिटार न्याच, आणि घरूनच सुरात लावून न्या. पिंजऱ्यात उभे राहून खुंट्या पिळत बसलात, तर ज्युरीला वाटायचं तेवढी एक गोष्ट तरी ह्याची स्वतःची आहे.